काटकसर की कपात? वित्त विभागाला खुले पत्र

प्रति,
परिपत्रकांचे मसुदे तयार करणारे सर्व अधिकारी व कर्मचारी,
वित्त विभाग, मंत्रालय, मुंबई.

विषय : 'काटकसर' या शब्दाच्या सरकारी कागदावरील वापराबाबत.

महोदय / महोदया,

मी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागातून निवृत्त झालेली वरिष्ठ सहायक. नोकरीतली बहुतेक वर्षं देयकं तपासण्यात, तरतुदी जुळवण्यात आणि तुमच्याकडून आलेली परिपत्रकं टेबलाटेबलावर फिरवून 'पाहिले' अशा सह्या घेण्यात गेली. त्यामुळे तुमची भाषा मला परकी नाही. 'बाब विचाराधीन आहे' म्हणजे काही ठरलेलं नाही, 'उचित कार्यवाही करावी' म्हणजे तुमचं तुम्ही बघा, आणि 'काटकसरीच्या उपाययोजना' म्हणजे यंदा कोणाचं तरी काहीतरी बंद होणार, हे आम्हाला डोळे झाकून कळायचं. माझी तक्रार या शेवटच्या शब्दापुरती आहे.

पैसे वाचवू नका असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. हिशेबात जन्म गेलेली बाई असं कधी म्हणणार नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मला तुमच्याइतकंच समजतं. पण 'काटकसर' हा मराठीतला अब्रूदार शब्द आहे. आपल्या ताटातलं कमी केलं तर ती काटकसर. दुसऱ्याच्या ताटातलं उचललं तर ती कपात. कपातही कधी कधी करावी लागते, त्याबद्दल माझं भांडण नाही. तेव्हा तिला कपात म्हणा, एवढंच.

आधी काटकसर काय असते ते सांगते, कारण ती मी पाहिलेली आहे. आमच्या आवक शाखेत आलेलं पाकीट कधी फाडलं जात नसे. डिंकाच्या कडेनं पट्टी घालून ते उलगडायचं, जुन्या पत्त्यावर इकॉनॉमी स्लिप चिकटवायची, की तेच पाकीट दुसऱ्या पंचायत समितीला जायला तयार. पाठकोऱ्या कागदांचा ट्रे वेगळा. कच्ची टिपणं, बेरजा, चहाचा महिन्याचा हिशेब, सगळं त्यावर. गठ्ठ्याची सुतळी कापायची नाही, गाठ सोडायची आणि गुंडी करून ठेवायची. रेकॉर्ड रूममध्ये फार जुने रुमाल, म्हणजे कागदांचे कापडी गठ्ठे, उघडले तर त्याहून जुनी काटकसर दिसायची : टाचणीऐवजी कागदांना टोचलेला बाभळीचा काटा. गंमत अशी, की टाचणी लावलेल्या कागदाला गंजाचं तांबडं भोक पडलेलं असायचं आणि काट्याचा कागद शाबूत. कसर लागलेले कागद मात्र दोन्हीकडे सारखेच. (कागद-कपडे खाणाऱ्या त्या किड्यालाही आपण कसरच म्हणतो. काटकसरीतल्या 'कसर'चा त्याच्याशी संबंध आहे असा माझा दावा नाही, पण लेखा शाखेत बसून हा विनोद सुचल्याशिवाय राहत नाही.)

या सगळ्यातून वाचायचं कितीसं? फार नाही. दात कोरून पोट भरत नाही हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण त्या काटकसरीला एक न लिहिलेला नियम होता. ज्याचं टेबल, त्याची काटकसर. आमचे हेडक्लार्क स्वतः पाठकोऱ्या कागदावर लिहायचे, म्हणून शिपायाला सुतळीबद्दल बोलायचा त्यांना अधिकार होता. नव्या पोरांनी त्यांची टिंगल केली तरी त्यांच्याकडे कोरा कागद मागायची कोणाची छाती नव्हती.

मग एखाद्या वर्षी परिपत्रक यायचं. सादिल खर्चाची (म्हणजे कागद-स्टेशनरीसारख्या कार्यालयीन किरकोळ खर्चाची) तरतूद अमुक टक्के कमी करण्यात येत आहे, सर्वांनी काटकसरीचं धोरण ठेवावं. आम्ही ठेवायचो. कागद पुरत नाहीत म्हटल्यावर कार्यालयाचं झेरॉक्स मशीन बंद. आता एखाद्या प्राथमिक शिक्षकाच्या मागे त्याच्या पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रकरण आलेलं असायचं. प्रस्ताव तीन प्रतींत लागायचा, त्यात मात्र कपात नव्हती. सेवापुस्तकाची पानं, मृत्यूचा दाखला, पासबुक, वारसाची कागदपत्रं, सगळं तीन वेळा. 'बाहेरून काढून आणा' असं त्या बाईला सांगितलं जायचं. रस्त्यापलीकडच्या दुकानात वीज नसली की ती दुसऱ्या दिवशी पुन्हा एसटीनं यायची. मार्चअखेरीला त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या त्या खर्चाच्या खात्यावर, बचत दिसायची आणि वरून शाबासकी मिळायची. बचतीच्या तक्त्यात त्या बाईनं दिलेल्या झेरॉक्सच्या पैशांना आणि दुसऱ्या खेपेच्या तिकिटाला रकाना नव्हता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायचं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तुम्ही म्हणाल, शब्दाला इतकं काय धरून बसायचं. धरते, कारण या भाषेत बोलणाऱ्या लोकांनी हा शब्द कुठे वापरायचा ते नीट ठरवून ठेवलं आहे. ज्याच्याकडे चार पैसे आहेत आणि तो तीनच खर्च करतो, तो काटकसरी. त्याच्याकडे चार असून तो एकही सोडत नाही, तर तो चिक्कू, कवडीचुंबक. ज्याच्याकडे चौथा पैसा कधी नव्हताच, त्याला काटकसरी म्हणत नाहीत. त्याची ओढाताण असते, ओढगस्त असते, हातातोंडाची गाठ पडायची मारामार असते. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं उन्हात रस्त्याची खडी फोडत बसली, सुकडी आणि मिलो नावाची लाल ज्वारी खाऊन राहिली. त्या पिढीतल्या कोणाही म्हातारीला विचारा, ती 'आम्ही काटकसर केली' असं सांगणार नाही. 'दिवस काढले' म्हणेल. काटकसर करायला आधी काहीतरी असावं लागतं आणि ते सोडायचं की नाही हे आपल्या हातात असावं लागतं. तुमच्या परिपत्रकांमुळे ज्यांचं काही जातं त्यांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा नसतात.

घरच्या काटकसरीचे गोडवे गावेत असंही मला वाटत नाही. बायकांच्या काटकसरीनं संसार उभे राहिले वगैरे भाषणं महिला दिनाला मी पुष्कळ ऐकली आहेत, हारही घालून घेतलेत. त्या काटकसरीत शेवटी कोण जेवायचं? जिनं स्वयंपाक केला ती. डब्यातलं तूप कोणाच्या भातावर पडायचं नाही? तिच्याच. लुगड्याला दंड घालून दोन वर्षं जास्त कोण काढायचं? म्हणजे 'घरानं काटकसर केली' या वाक्यातही 'घरानं' हा कर्ता खोटाच होता. तरी तिथे एक गोष्ट होती : जी वाढत होती तीच कमी जेवत होती. पळी आणि ताट एकाच बाईचं होतं. सरकारी काटकसरीत पळी मंत्रालयात असते आणि ताट कुठल्या तरी वाडीवर.

सरकारी काटकसरीचा मराठीतला उत्तम कागद कोणता असं मला कोणी विचारलं तर मी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांनी धाडलेल्या पत्राचं नाव घेईन. तुमच्यापैकी अनेकांनी ते शाळेत वाचलं असेल. आता मसुदा लिहिणाऱ्याच्या नजरेनं पुन्हा वाचा. पावसाळ्यासाठी घोड्यांचा दाणा आणि गवत साठवून ठेवलं आहे. ते आत्ताच हवं तसं उधळलंत तर ऐन पावसात संपेल, घोडी मरतील. आणि मग तुम्ही काय कराल तेही पत्रात सांगितलं आहे : कुणब्यांच्या घरी जाल, कोणाचे दाणे आणाल, कोणाची भाकर, कोणाचं गवत, कोणाचा भाजीपाला. जेमतेम जीव धरून राहिलेले ते कुणबी गाव सोडून जातील, कित्येक उपाशी मरतील, आणि त्यांना वाटेल की मोगल आले त्यापेक्षा हे जास्त. हवं ते बाजारातून रोख विकत घ्या, कोणावर जुलूम नको. शेवटी तर इतकं बारीक, की आगट्या पेटवताना, तंबाखूला विस्तव घेताना वाऱ्याकडे बघा, रात्री दिवा उघडा ठेवून झोपू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल.

हे काटकसरीचं परिपत्रकच आहे. पण त्याची बांधणी बघा. काटकसर कोणी करायची? सरकारच्या पगारी माणसांनी, सरकारच्या कोठारातली. कशासाठी? रयतेला झळ पोचू नये म्हणून. काटकसर केली नाही तर ती झळ कोणत्या वाटेनं, कोणाच्या घरापर्यंत, कोणत्या वस्तूच्या रूपानं पोचेल हेही लिहिलेलं. यातलं एक वाक्यही 'काटकसरीचे धोरण अवलंबावे' असं हवेत सोडलेलं नाही. आपल्या आजच्या कागदांत बाण उलटा फिरलेला असतो : कोठारात गवत राहावं म्हणून कुणब्यानं जरा कमी खावं.

शब्दाला वजन येतं ते तो पाळणाऱ्या माणसांमुळे, आणि महाराष्ट्रात तशी माणसं होऊन गेली. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्या जोडलेला कपडा, हातात मडक्याचं खापर. भाकरी मागून खायची आणि त्याआधी त्या गावचा रस्ता झाडायचा. इतकी खडतर राहणी, की जवळ जायला भीती वाटावी. पण त्याच माणसानं पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या पक्क्या बांधकामाच्या, वारकऱ्याला आणि आजाऱ्याच्या नातेवाइकाला पाठ टेकायला नीट जागा मिळावी अशा. मी फाटकं नेसतो तर तुम्हीही उघड्यावर झोपा, असं त्यांनी कोणाला सांगितलं नाही. साधेपणा स्वतःपुरता ठेवायचा आणि दुसऱ्याला सोय द्यायची, हा हिशेब त्यांना शाळेत न जाता येत होता.

दुसरं उदाहरण तर थेट खातं सांभाळणाऱ्या माणसाचं. राजापूरचे खासदार मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. समाजवादी परंपरेतले, राहणी साधी. त्या काळी दुसऱ्या वर्गात झोपायला मिळायची ती नुसती लाकडी फळी. मुंबईहून रात्रभर प्रवास करून उतरलेल्या माणसाच्या बरगडीवर फळीच्या पट्ट्या उमटलेल्या असायच्या. ज्यांनी तो प्रवास केला त्यांना हे सांगायला नको. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसवायला घेतला. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली ती वरचा वर्गच नसलेली गाडी म्हणून. साधेपणावर प्रवचन झोडण्याची सोय त्यांना होती. देश गरीब आहे, लाकडी फळीनं पाठ सरळ राहते, मीही साधाच राहतो, असं म्हणून दोन इंच फोमचे पैसे वाचवता आले असते आणि वर्तमानपत्रांनी कौतुकही केलं असतं. त्यांनी खर्च केला. साध्या माणसानं केलेला हा खर्च मला काटकसरीच्या सगळ्या परिपत्रकांपेक्षा जास्त काटकसरी वाटतो. आज कोट्यवधी माणसं त्या गादीवर झोपतात आणि तिचा खर्च कोणाला आठवतही नाही.

साधेपणाचा खर्च हाही एक विषय आहे, पण तो लांबतो. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. माती, बांबू आणि कौलांची ती कुटी आजही बघायला मिळते. बापूंना गरिबीत ठेवायला किती पैसा लागतो, असा टोमणा सरोजिनी नायडूंनी मारल्याचं सांगतात. गांधीजींच्या बाबतीत तो टोमणा हसून सोडता येतो, कारण एकादश व्रतांमधला असंग्रह (साठा न करणं) आणि अस्वाद (जिभेचे चोचले न पुरवणं) तो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ पाळत होता. नंतरच्यांचं तसं नाही. सप्टेंबर २००९ मध्ये केंद्रात काटकसरीची मोहीम निघाली. अर्थमंत्री प्रणव मुखर्जींनी पंचतारांकित हॉटेलात मुक्काम केलेल्या दोन सहकारी मंत्र्यांना बाहेर पडायला सांगितलं, मंत्र्यांनी विमानात साध्या वर्गानं जावं असं ठरलं, मोठे नेते शताब्दीनं फिरले आणि त्या प्रवासाची छायाचित्रं छापून आली. एका राज्यमंत्र्यानं साध्या वर्गाला ट्विटरवर गुराढोरांचा वर्ग म्हटलं आणि मग माफी मागितली. मला विचाराल तर त्या महिन्याभरात खरं बोललेला तो एकटाच होता. बाकीच्यांच्या मनात काय होतं ते छायाचित्रात दिसत नव्हतं, इतकंच. दिवाळी झाली आणि मोहीम विसरली गेली.

पुढच्याच वर्षी ग्रीसचं दिवाळं वाजायची वेळ आली. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचं कर्ज मिळालं, अटींमध्ये पगार आणि पेन्शन कापायची होती. लोक रस्त्यावर उतरले. आपल्याकडच्या बातम्यांत यायचं : 'ग्रीसमध्ये काटकसरीविरुद्ध हिंसक निदर्शनं'. आमच्या ऑफिसातला एक जण पेपर वाचता वाचता म्हणाला, काय लोक आहेत, काटकसर करा म्हटलं तर दगड मारतात, आपल्याकडे आजी रोज करते! सगळे हसले. त्याचा दोष नव्हता. त्याच्यासमोर जो शब्द ठेवला त्यातून त्याला पाकिटं उलगडणारा हेडक्लार्क दिसला. पेन्शन कापली गेलेला अथेन्सचा म्हातारा दिसायला हवा होता. पुढे २०१३ मध्ये तिथल्या निम्म्याहून अधिक तरुण कामगारांना काम नव्हतं. ज्याचं आपण 'काटकसर' केलं तो ऑस्टेरिटी हा शब्द इंग्रजांनी ज्या ग्रीक शब्दावरून घेतला त्याचा जुना अर्थ जीभ कोरडी पाडणारं, तुरट असा आहे. निदान त्यांच्या शब्दात चव तरी खरी राहिली. आपण तुरट वस्तूला गोड नाव दिलं.

आता तुमच्या स्वतःच्या कागदांकडे येते. ४ मे २०२० चा शासन निर्णय तुमच्यापैकी काहींच्या हातूनच गेला असेल. टाळेबंदीत महसूल आटला होता. २०२०-२१ या वर्षी अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, नव्या योजना नाहीत, नवी बांधकामं नाहीत, आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण सोडून नवीन पदभरती नाही. खरं सांगते, कागद म्हणून मला तो पुष्कळ बरा वाटला. आकडा उघड होता, आरोग्याला हात लावला नव्हता, परिस्थितीही कोणापासून लपलेली नव्हती. खटकलं ते पदभरतीच्या ओळीत. पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत खुर्ची भाड्यानं घेऊन बसलेल्या, गावाकडून महिन्याला पैसे मागवणाऱ्या, वयोमर्यादेच्या काठावर आलेल्या पोरांचं यात काय होणार, यावर त्यात एक वाक्य नव्हतं. खर्चाची बाब म्हणून पद थांबलं. त्या पदाकडे बघत बसलेला माणूस कुठल्याच लेखाशीर्षात बसत नाही.

पदांचं म्हणाल तर आपल्या खात्यातला सगळ्यात निर्लज्ज शब्दप्रयोग तिथेच आहे, आणि तो तुम्हाला नि मला दोघांनाही पाठ आहे : 'रिक्त पदांमुळे झालेली बचत'. वर्षअखेरीला वेतनाच्या तरतुदीतले पैसे उरले की कारण लिहायचं असतं, आणि हे कारण कोणी कधी परत पाठवत नाही. उपकेंद्राला आरोग्यसेविका नाही : बचत. पंचायत समितीला कनिष्ठ अभियंता नाही : बचत. शाळेवर दोन शिक्षक हवेत तिथे एक : बचत. त्या उपकेंद्राच्या गावची बाळंतीण रात्री जीप करून तालुक्याला गेली तर त्या जीपचं भाडंही याच बचतीचा भाग मानायला हवं. कागदावर ती सरकारच्या बाजूनं जमा होते, नावे मात्र तिच्या नवऱ्याच्या पडते. दुहेरी नोंदीचा नियम आपण लेखा परीक्षेत शिकलो होतो, तो इथे कुठे जातो कळत नाही.

आणि अंडं. हे प्रकरण लहान आहे म्हणूनच इथे मांडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनानं ठरवलं की शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा मुलांना अंडं द्यायचं, जी मुलं अंडं खात नाहीत त्यांना फळ. वर्षाला सुमारे ५० कोटी रुपयांचा विषय. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा निधी थांबला. द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समित्यांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा असं आलं. शाळा व्यवस्थापन समिती म्हणजे कोण, हे मुंबईत बसून विसरायला होतं, म्हणून सांगते. ज्यांची पोरं त्या शाळेत जेवतात, मुख्यतः तेच आईबाप. ज्याला घरी परवडत नाही म्हणून सरकारनं शाळेत अंडं दिलं होतं, त्यालाच आता वर्गणी मागायची. पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला महिन्याला तुटपुंजं मानधन मिळतं. बुधवारी पोरं तिला विचारतात, मावशी, आज अंडं नाही का? तिनं काय सांगावं, ते त्या शासन निर्णयात कुठे आहे? अंड्याला विरोध करणारे काही गट होते हे मला ठाऊक आहे, आणि तो वाद वेगळा आहे. विरोधामुळे बंद केलं असेल तर तसं लिहा, पैशांसाठी केलं असेल तर तसं लिहा. 'लोकसहभाग' हा काटकसरीचाच धाकटा भाऊ दिसतो, तितकाच सभ्य आणि तितकाच गुळमुळीत.

काही जण म्हणतील, बाई, पेन्शन घेऊन घरी बसलात, आता बोलायला काय जातं. बरोबर आहे, नोकरीत असताना इतकं बोलता येत नाही. आणि माझी पेन्शन जुन्या योजनेतली आहे, माझ्यानंतर नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती मिळालीच नाही. तेव्हाही सरकारची बाजू तिजोरीवरच्या भाराचीच होती, आणि ती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली, एकच काम करणाऱ्या दोन कारकुनांपैकी एकाचं म्हातारपण सुरक्षित आणि दुसऱ्याचं बाजारावर अवलंबून, ही गोष्ट काटकसर या शब्दात मावत नाही. २०२३ मध्ये त्या पोरांनी संप केला तेव्हा टीव्हीवर त्यांना हावरट ठरवणारे लोक बघून मला माझ्या ऑफिसातला ग्रीसचा विनोद आठवला.

तेव्हा माझ्या मागण्या सांगते. त्या खर्चाच्या नाहीत, त्यामुळे तुम्हाला वरून मंजुरी घ्यावी लागणार नाही.

पुढच्या वेळी मसुदा कराल तेव्हा 'काटकसर' हा शब्द फक्त स्वतःच्या खर्चासाठी राखून ठेवा : वाहनं, परदेश दौरे, जाहिराती, दालनांचं नूतनीकरण, उद्घाटनाचे मंडप, हारतुरे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कोणी म्हणू नये यासाठी परिपत्रकाचा पहिला परिच्छेद मंत्रालयाच्या इमारतीतल्या खर्चाचा असू द्या, आकड्यांसह. जिल्हा परिषदेचं टेबल नंतर. योजना, पदं, अनुदानं, पोषण, शिष्यवृत्त्या, औषधं यांतलं काही कमी होत असेल तर त्याला 'कपात' लिहा आणि किती, कधीपासून, कधीपर्यंत तेही लिहा. 'पुढील आदेशापर्यंत' लिहू नका. ते पुढचे आदेश कधी येत नाहीत, हे रेकॉर्ड रूममध्ये बसलेल्या कोणालाही विचारा.

आणि एक रकाना वाढवा. बचतीच्या तक्त्यात लेखाशीर्ष, मंजूर तरतूद, झालेला खर्च, बचत आणि कारण असे रकाने असतात. त्याच्या उजवीकडे कागदाला जागा उरते, मी आखून पाहिलं आहे. तिथे लिहा : 'सदर बचतीचा भार कोणावर पडला'. आहरण व संवितरण अधिकाऱ्यानं, म्हणजे कार्यालयाचे पैसे काढून वाटणाऱ्या अधिकाऱ्यानं, तो भरल्याशिवाय तक्ता स्वीकारू नका. सुरुवातीला सगळे 'निरंक' लिहून पाठवतील, तसं ते नेहमीच लिहितात. मग एखादी आमच्यासारखी खवचट बाई कुठल्या तरी तालुक्यात बसलेली असेल, ती लिहील : 'अमुक गावची मुलं, बुधवारचं अंडं' किंवा 'कुटुंब निवृत्तिवेतनाचे प्रस्ताव, प्रती तीन, झेरॉक्स अर्जदाराकडून'. तो तक्ता तुमच्याकडे आला की शेरा मारून परत पाठवू नका, एवढी विनंती.

कळावे.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ सहायक (लेखा)

प्रत माहितीसाठी : सर्व जिल्हा परिषदांच्या अर्थ शाखा, पाठकोऱ्या कागदावर.